पोटातला निरोप : एका छुप्या आजाराचा इतिहास



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्हीही त्यात चार ओळी लिहा, असा अध्यक्षबाईंचा निरोप आला तेव्हा मला प्रथम हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दुधाचा हिशेब आणि आहेराची यादी यांपलीकडे माझी लेखणी कधी चाललेली नाही. पाककृती लिहावी तर माझ्याहून सुगरण बायका मंडळात पुष्कळ आहेत. मग मनात आले, इतिहास लिहावा.

इतिहास म्हटला की आपल्या सिद्धगडच्या माणसाला दुसरे काही आठवत नाही. १९४३ सालच्या जानेवारीची २ तारीख, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे हौतात्म्य. ती हकीगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भूमिगतांचे सारे जीवित निरोपावर अवलंबून असते. निरोप वेळेवर पोचला तर माणूस वाचतो, उशिरा पोचला तर घात होतो. मी आज जो इतिहास सांगणार आहे तोही निरोपांचाच आहे. मात्र त्याची जागा डोंगरात नाही, आपल्याच पोटात आहे. अंडाशयाचा कर्करोग हा तो विषय.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. आमच्या मोठ्या जाऊबाई या रोगाने गेल्या. घरात मी त्यांना वहिनी म्हणत असे. गौरीच्या सणाला पुरण वाटता वाटता त्या म्हणाल्या, "अगं, चार घास खाल्ले की पोट भरून येतंय. परकराची नाडी पण पुरेनाशी झालीय." मी हसून म्हटले, "वहिनी, सुना आल्या, आता बसून खाल्ले की पोट सुटायचेच!" त्याही हसल्या. पुढे ओवा झाला, हिंग झाला, वायूच्या गोळ्या झाल्या. लघवीला वारंवार जावे लागे, त्यावर "वय झाले" असे म्हणून मोकळे झालो. माघ महिना उजाडला तेव्हा पोट सात महिन्यांच्या गर्भारणीसारखे दिसू लागले, आणि मग सोनोग्राफी झाली. पोटात पाणी भरले होते आणि रोग तिसऱ्या पायरीवर गेला होता. मुंबईस ऑपरेशन झाले, औषधे चढवली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही आळीपाळीने राहिलो. त्यानंतर वहिनी अडीच वर्षे जगल्या. गौरीच्या दिवशीचे माझे ते हसणे मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, विज्ञान शिकलेली आहे. सुट्टीत आली की तिच्याकडून मी हा विषय समजून घेतला आणि वहीत उतरवून ठेवला. समजण्यात काही चूक झाली असेल तर ती माझी, तिची नव्हे.

प्रथम अंडाशय म्हणजे काय ते पाहू. जुन्या पुस्तकांत यालाच बीजकोष म्हणत. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अवयव असतात. दर महिन्याला बीज सोडणे आणि बाईपणाचे रस तयार करणे हे त्यांचे काम. हे बदाम ओटीपोटात खोल बसलेले. स्तनात गाठ आली तर हाताला लागते. गर्भाशयाचे तोंड डॉक्टरीणबाईंना डोळ्यांनी पाहता येते. अंडाशय हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. पोटात जागा मोकळी, त्यामुळे गाठ वाढली तरी बराच काळ कोठे अडत नाही. शिवाय या रोगाच्या पेशी एखाद्या शेंगेतून दाणे उडावेत तशा सुटून आतड्यांवर आणि त्यांच्यावरच्या चरबीच्या पडद्यावर जाऊन रुजतात. रोग अंडाशयापुरता असतो तोवर बहुतेक बायका बऱ्या होतात. पसरल्यावर ती गोष्ट फार कठीण होते. म्हणजे सारा प्रश्न वेळेचा आहे.

आता इतिहासाकडे वळू. अंडाशयाच्या गाठीवर पहिले यशस्वी ऑपरेशन झाले ते १८०९ साली, अमेरिकेतील केंटकी नावाच्या प्रांतात. जेन क्रॉफर्ड नावाची एक शेतकरीण होती, वय पंचेचाळीसच्या आसपास. तिचे पोट वाढत चालले. डॉक्टर म्हणाले, जुळी आहेत. दिवस भरून गेले तरी मूल होईना. तेव्हा एफ्रेम मॅक्डॉवेल नावाच्या डॉक्टरला बोलावणे गेले. त्याने तपासून सांगितले, बाई, हे मूल नव्हे, ही गाठ आहे. असे पोट उघडून आजवर कोणी जगलेले नाही, पण तुमची तयारी असेल तर मी प्रयत्न करतो. ती बाई भर थंडीत घोड्यावर बसून साठ मैल त्याच्या गावी गेली. नाताळच्या दिवशी ऑपरेशन झाले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते, ते यायला अजून ३७ वर्षे होती. डॉक्टर पोट कापत होता आणि ती बाई देवाची भजने म्हणत होती. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची, म्हणजे सुमारे दहा किलोंची गाठ बाहेर काढली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेला तर बाई उठून आपले अंथरूण आवरीत होती! पुढे ती आणखी ३२ वर्षे जगली. इतकी वर्षे जगली त्यावरून ती गाठ कर्करोगाची नसावी. पण पोट उघडून बाई वाचू शकते हे जगाला त्या दिवशी कळले.

हे वाचल्यावर माझ्या मनात आले, आपल्याकडे त्या काळी अशा किती बायका गेल्या असतील? त्यांचा कोठे लेख नाही. पोट वाढले की करणी म्हणावी, देवीचा कोप म्हणावा, किंवा बाईच्या चारित्र्यावर शंका घ्यावी. पुरुष वैद्यापुढे ओटीपोटाचे दुखणे सांगणे म्हणजे मरणप्राय लाज.

ती लाज ओळखली ती आपल्या कल्याणच्या लेकीने. मुरबाडची एस. टी. जिथे आपल्याला उतरवते त्याच कल्याणच्या घराण्यातील यमुना जोशी, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि बायकांना बाई डॉक्टर पाहिजे हे त्यांच्या मनाने घेतले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि १८८७ सालच्या फेब्रुवारीत वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच पुण्यास वारल्या. एकाही रोग्याची त्यांच्या हातून देशात सेवा झाली नाही, पण दार उघडले गेले. ज्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या त्याच १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. तिथे बाई डॉक्टर बायकांना तपासू लागल्या. पाठोपाठ डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या. पोटातल्या दुखण्याचा निरोप सांगावयास बाईला निदान कोणी कान मिळाला.

कर्करोगासाठी मात्र वेगळे इस्पितळ व्हावयास आणखी अर्धे शतक गेले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आपल्या तालुक्यातून कर्करोगाचा रोगी निघाला की आजही त्याच दिशेने निघतो.

तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे थोर डॉक्टर होते. रोगाचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याच्या शास्त्राचे ते आपल्या देशातील जनक मानले जातात. १९५२ साली मुंबईत कर्करोग संशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या हाताखाली एक मराठी बाई तयार झाली, डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म १९१७ सालचा, पुण्याच्या. हुजूरपागेत शिकल्या. लग्नानंतर मुंबईस आल्या आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन शरीरातील पेशी बाटलीत वाढवण्याची विद्या शिकून आल्या आणि तशी देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. त्यांचा मुख्य अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा. पण पेशी बाटलीत वाढू लागल्यावरच ती काय खाते, काय टाकते, कोणाला काय सांगते हे पाहता येऊ लागले. पुढे मी जी गोष्ट सांगणार आहे तिचा पाया याच विद्येचा आहे. आणखी एक आपल्या जवळची गोष्ट अशी की, शहापूरकडून घाट चढून गेले की जो अकोले तालुका लागतो, तिथल्या आदिवासी मुलांच्या आहाराची पाहणीही याच बाईंनी केली. १९७३ साली त्यांनी स्त्री वैज्ञानिकांची संघटना काढली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या वारल्या. आपल्या मुलींना असे चरित्र अवश्य वाचावयास द्यावे.

उपचारही या काळात सुधारले. १९७८ पासून प्लॅटिनम धातूपासून केलेले सिसप्लॅटिन हे औषध मिळू लागले. पुढे यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालेले दुसरे औषध १९९२ साली त्याच्या जोडीला आले. वहिनींना जी औषधे चढवली ती याच कुळातली. आयुष्य वाढले. पण निरोप उशिरा मिळत होता तो उशिराच मिळत राहिला.

तो लवकर मिळावा म्हणून रक्तात खूण शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९८१ साली बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सोबत्यांना अशी एक खूण सापडली. एकामागून एक प्रयोग करीत १२५ वा प्रयोग जमला, म्हणून तिचे नाव सी ए १२५. हीच चाचणी वहिनींची दर वेळी होत असे, आणि आकडा पस्तीसच्या खाली आला की आम्ही देवापुढे साखर ठेवत असू. झालेला रोग औषधाने हटतो आहे की नाही हे पाहावयास ही चाचणी फार उपयोगी आहे. पण निरोगी बाईत रोग लवकर शोधावयास ती पुरी पडली नाही. रोग लहान असतो तेव्हा सुमारे निम्म्या बायकांत हा आकडा वाढतच नाही. उलट गर्भाशयातील साधी गाठ, पोटाचा क्षय, इतकेच काय पण मासिक पाळी, यांनीही तो वाढतो. इंग्लंडात दोन लाखांहून अधिक बायकांना घेऊन वर्षानुवर्षे याची परीक्षा केली. काहींची दरवर्षी रक्ताची चाचणी, काहींची सोनोग्राफी. २०२१ साली निकाल लागला. काही बायकांचा रोग थोडा लवकर सापडला खरा, पण मृत्यू कमी झाले नाहीत. इतक्या वर्षांच्या कष्टाचे हे फळ वाचून त्या डॉक्टरांना काय वाटले असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. परंतु त्यांनी निकाल लपवला नाही, हे विज्ञानाचे मोठेपण.

आता माझ्या गोष्टीचा गाभा आला. तो आहे एका पुरचुंडीचा. लेक सासरी निघाली की आई तिच्या हातात एक पुरचुंडी देते. त्यात थोडी सुंठ, थोडे मेतकूट, एखादी नोट, आणि जमल्यास एखादी चिठ्ठी. ती पुरचुंडी पाहिली की ती कोणत्या घरातून आली ते ओळखू येते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी अशा पुरचुंड्या बांधून बाहेर टाकीत असते. त्यांना शास्त्रज्ञांनी एक्झोसोम असे नाव दिले आहे. पेशीच्या आत एक मोठे गाठोडे तयार होते, त्यात या लहान पुरचुंड्या असतात. गाठोडे पेशीच्या भिंतीला लागून उघडते आणि पुरचुंड्या बाहेर पडतात. आकार म्हणाल तर सातआठशे एका ओळीत मांडाव्या तेव्हा आपल्या एका केसाची जाडी भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत.

१९८३ साली दोन ठिकाणी हा प्रकार ध्यानात आला, एक अमेरिकेत सेंट लुईस येथे आणि दुसरा कॅनडात माँट्रियल येथे. माँट्रियलच्या शास्त्रज्ञ होत्या बाई, रोझ जॉनस्टोन, मूळच्या पोलंडच्या. त्या मेंढीच्या रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशी पाहत होत्या. कोवळ्या पेशीला लोह पकडण्यासाठी आकडे असतात. पेशी पिकली की त्यांचे काम सरते. मग ते आकडे जातात कोठे? तर पेशी ते पुरचुंड्यांत बांधून फेकून देते. १९८७ साली त्यांनी या पुरचुंड्यांना एक्झोसोम म्हणण्यास सुरुवात केली. तेव्हा सर्वांची समजूत अशी झाली की हा पेशीचा केरकचरा आहे. केराकडे कोण लक्ष देतो? दहाबारा वर्षे फारसे कोणी दिले नाही.

पण भगिनींनो, आपण बायका जाणतो की उकिरडा पाहून घर ओळखता येते. कोणाकडे काल काय शिजले, कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे आजारी माणूस आहे, हे सारे उकिरडा सांगतो. १९९६ साली ग्रासा रापोझो या बाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी दाखवले की संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पुरचुंड्या दुसऱ्या पेशींना जागे करू शकतात. म्हणजे हा केर नव्हे, निरोप आहे. २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांना त्या पुरचुंडीत खरोखरीच चिठ्ठी सापडली. आर एन ए नावाचा तो पदार्थ, पेशीला काय करावे ते सांगणारा. त्यांनी उंदराच्या पेशींच्या पुरचुंड्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींनी ती चिठ्ठी वाचून उंदराचे प्रथिन तयार केले! पुतणीने हे सांगितले तेव्हा माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

आता हा धागा आपल्या रोगाशी जोडू. कर्करोगाची पेशीही पुरचुंड्या टाकते, आणि पुष्कळ टाकते. त्या रक्तात येतात, पोटात साठलेल्या पाण्यात तर त्यांची गर्दीच असते. २००८ साली डग्लस टेलर आणि सिसेक गेर्सेल-टेलर या दोघांनी अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तातून अशा पुरचुंड्या वेगळ्या केल्या. रोगाच्या पेशीची खूण ज्यांच्या अंगावर आहे तेवढ्याच, बारीक चुंबकाच्या मण्यांनी, रेतीतून लोखंडाचा कीस ओढावा तशा. आत आठ प्रकारच्या बारीक चिठ्ठ्या त्यांनी तपासल्या. साध्या गाठीच्या बायकांत त्यांचा थाट निराळा होता आणि कर्करोगाच्या बायकांत निराळा. पोट न उघडता, रक्ताच्या थेंबावरून रोगाची लिपी वाचण्याची ही आशा. आणि योगायोग पाहा, हे दोघे काम करीत होते ते लुईव्हिल गाव त्याच केंटकी प्रांतातले, जिथे १८०९ साली जेन क्रॉफर्ड भजने म्हणत टेबलावर पडली होती. तिचे दहा किलो आणि हा डोळ्यांना न दिसणारा कण, यांत दोनशे वर्षांची वाट आहे.

पुरचुंडीचा अभ्यास रोग शोधण्यापुरता राहिलेला नाही. रोगाच्या पेशी या पुरचुंड्या पुढे पाठवून पोटातल्या पडद्यावर आपल्यासाठी जागा तयार करून घेतात, पेरणीआधी राब भाजून जमीन तयार करावी तशी, असे दिसून आले आहे. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी सिसप्लॅटिन पुरचुंडीत भरून बाहेर टाकतात, आणि औषध कसे चुकवावे ही विद्या पुरचुंडीतूनच शेजारच्या पेशीला शिकवतात, हेही प्रयोगशाळेत पाहिले गेले. वहिनींचा रोग दुसऱ्यांदा उलटला तेव्हा पहिली औषधे चालेनाशी झाली होती. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणत नाही. पण असे काही पोटात घडत असते हे कळल्यावर, "औषध लागू पडेना, नशीब तिचे" असे म्हणणे मी सोडले. उलट बाजूने, याच पुरचुंड्यांत औषध भरून ते नेमके रोगाच्या पेशीपर्यंत पोचवावे असाही प्रयत्न चालला आहे. चोराच्याच गाडीतून शिपाई पाठवावा, तसे.

हे सारे ऐकून मी पुतणीला विचारले, "मग ही चाचणी आपल्याकडे कोठे करतात? मंडळाच्या सगळ्या बायकांना घेऊन जाऊ." तिने मान हलवली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी ही चाचणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही. अडचणी खऱ्या आहेत. निरोगी पेशीही पुरचुंड्या टाकतात, रक्ताच्या एका थेंबात त्यांची संख्या मोजता येणार नाही इतकी असते. त्यांत रोगाची एखादी शोधणे म्हणजे भाताच्या कणगीत नाचणीचा दाणा शोधणे. वेगळ्या करावयाच्या तर रक्त तासन्‌तास प्रचंड वेगाने फिरवावे लागते, आणि एका प्रयोगशाळेची रीत दुसरीशी जुळत नाही. शिवाय सी ए १२५ चा धडा सर्वांच्या समोर आहे. हजारो बायकांवर वर्षानुवर्षे परीक्षा होऊन मृत्यू कमी होतात असे ठरेपर्यंत कोणत्याही चाचणीवर भिस्त ठेवू नये. तेव्हा उद्या कोणी जाहिरात करून, इतके पैसे द्या, रक्तातून अंडाशयाचा कर्करोग ओळखून देतो, असे सांगू लागला तर आधी मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांना विचारा.

पुतणी हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा मी पाहत होते. तिच्या दृष्टीने ही नुसती पुस्तकातील गोष्ट नाही. १९९४ साली शास्त्रज्ञांनी असे एक गुणसूत्रावरील बीज शोधले की ज्यात दोष असला तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग घराण्यात उतरू शकतो. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला हे रोग झाले असतील तर डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे, म्हणजे ते योग्य ती तपासणी सुचवतात. पुतणीने तपासणी करून घेतली आहे. तिचे उत्तर काय आले हे सांगण्याचा अधिकार तिचा, माझा नाही. पण रक्ताचा थेंब लवकर बोलू लागावा म्हणून ती कोणत्या ओढीने वाट पाहते, हे मला ठाऊक आहे.

मग तोवर आपण काय करावे? याचे उत्तरही इतिहासातच आहे. या रोगाला पुष्कळ दिवस मुका मारेकरी म्हणत. रोग काही सांगतच नाही, तर बाई तरी काय करणार, असा समज. २००० साली अमेरिकेतील डॉ. बार्बरा गॉफ यांनी १,७२५ रोगी बायकांना विचारले, रोग कळण्याआधी तुम्हाला काही होत होते का? शंभरातल्या पंचाण्णव जणींनी होय म्हटले. पोट फुगत होते, दुखत होते, चार घासांत भरत होते, लघवीला घाई होत होती. पुष्कळ जणींनी ते सांगितलेही होते, पण त्यांना पित्त, चिंता, वय अशी कारणे मिळाली होती. म्हणजे रोग मुका नव्हता. आपणच बहिरे होतो.

गौरीच्या दिवशी वहिनींनी मला यांतल्या दोन खुणा पुरण वाटता वाटता सांगितल्या होत्या.

गॉफबाईंनी २००७ साली एक साधा हिशेब दिला. पोट फुगणे, ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, थोड्या जेवणाने पोट भरणे, हे गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारा दिवसांपेक्षा अधिक होत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. पोट फुगले म्हणजे कर्करोगच, असे मुळीच समजू नये. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण "सोनोग्राफी करावी का?" हा प्रश्न आपण स्वतः विचारावा. विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी वायू म्हणून सोडून देऊ नये. आपण भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडतो, गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितो. त्याच चौकोनात पोट दुखल्याच्या दिवशी एक टिंब द्यावे. महिनाअखेर टिंबे मोजावी. पैसा लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. महिन्याच्या सभेत भिशीचा हिशेब झाला की पाच मिनिटे या टिंबांसाठी ठेवावी. आणि एखादी बाई म्हणाली की पोट भरल्यासारखे वाटते, तर हसू नये. विचारावे, "किती दिवस झाले गं?"

शास्त्रज्ञ मंडळी पुरचुंडीतली चिठ्ठी वाचावयास शिकत आहेत. त्यांना यश येवो. ती वाचता येईपर्यंत, तोंडाने सांगितलेला निरोप तरी आपण ऐकू या.

आपली,
मंडळाची एक सभासद भगिनी